कानाचे मशीन कपाटात नको

पाच वर्षांपूर्वी पारोळ्याकडची एक आई दीड वर्षाच्या मुलाला खोकल्यासाठी दवाखान्यात घेऊन आली. जाता जाता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हा अजून 'आई' म्हणत नाही." आजीने तिला तिथेच गप्प केले, "याना बाप बी उशिराच बोलना!" मी टेबलावर टिचकी मारली, पोराने वळून पाहिले. "ऐकू येतंय, बोलेल हो," म्हणून मी पुढचा पेशंट बोलावला.

मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर धुळ्याला त्याची बेरा तपासणी झाली. दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष निघाला. त्या दिवशी त्याला टिचकी ऐकू आली नव्हती, माझा हात हललेला दिसला होता. ती दीड वर्षे माझ्यामुळे वाया गेली.

मेंदू भाषा शिकतो ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. सहा महिन्यांच्या आत दोष कळून उपचार मिळालेल्या मुलांची भाषा पुढे बरीच चांगली राहते, हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील अभ्यासात 1998 मध्येच दिसले. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत मशीन, असा हिशेब जगभर धरतात. ओ.ए.ई. ही पहिली चाचणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते. तिला सुई लागत नाही.

मशीन मात्र दुकानातून आणून कानात घालायची वस्तू नव्हे. एका घरी तर आजोबांचेच नातीला लावलेले मी पाहिले! बाळाच्या कानाची नळी इवलीशी, त्यामुळे तोच आवाज तिथे कितीतरी मोठा होतो. उरलेसुरले ऐकणेही त्याने बिघडू शकते. ऑडिऑलॉजिस्टकडूनच आवाज बसवून घ्यावा. कानाचे माप घेऊन केलेला मऊ मोल्डही हवा. बाळाचा कान वाढतो, मोल्ड सैल होतो आणि मशीन शिट्टी मारू लागते. आया आवाज कमी करतात किंवा मशीन काढून ठेवतात. खरे तर तेव्हा नवा मोल्ड लागतो. तान्ह्या बाळाला तो दर काही महिन्यांनी बदलावा लागतो.

दुसरी अडचण लोकांच्या नजरेची. पाहुणे आले की मशीन कपाटात, हरवेल म्हणून शाळेतही नाही. मग पोर ऐकणार कधी? अंघोळ आणि झोप सोडली तर ते दिवसभर कानात हवे. हरवण्याची भीती असेल तर दोऱ्याने सदऱ्याला अडकवावे. सेल मात्र जपा. मुलाने गिळला तर घरी वाट न पाहता थेट मोठे हॉस्पिटल गाठा, कारण दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.

पैशांसाठी अडून राहू नका. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येतात, त्यांना बाळाचे कान दाखवा. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

पारोळ्याकडचा तो मुलगा आता शाळेत जातो. त्याची आई रोज सकाळी त्याच्या पाठीमागे उभी राहून आ, ई, ऊ, म, श, स असे सहा आवाज काढते. ऐकू आला की तो हात वर करतो. गेल्या आठवड्यात 'स'ला हात वर गेला नाही, तेव्हा ती कोणाला न विचारता त्याला घेऊन धुळ्याच्या एस.टी.त बसली.