मु. पो. सोनाळा आणि इंग्रजीतले ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’

संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याहून इंग्रजीत अर्ज लिहिताना पत्त्यातच पहिले शब्दयोगी अव्यय येते: ‘ॲट पोस्ट सोनाळा’. ‘मुक्काम’ची जागा ‘ॲट’ने घेतली. पत्ता ठरलेला असल्यामुळे तिथे चूक होत नाही, ती होते पुढच्या मजकुरात.

अडचण कुठे?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. तरी लिहिताना आधी मराठी वाक्य सुचते आणि ‘वर’चे ‘ऑन’, ‘मध्ये’चे ‘इन’ होते. इंग्रजीची वाटणी मात्र निराळी आहे.

जागा

‘शेगाव स्टेशनवर भेटू’ याचे इंग्रजी ‘ॲट शेगाव स्टेशन’, कारण स्टेशन इथे भेटीचे ठिकाण आहे. ‘सोनाळ्यात राहतो’ याला ‘इन सोनाळा’. कारमध्ये बसलात तर ‘इन द कार’, एसटीत बसलात तर ‘ऑन द बस’.

वेळ

घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’: ‘ॲट टेन’, ‘ऑन मंडे’, ‘इन जून’.

मुदत

कार्यालयात सर्वाधिक घोटाळा इथे होतो. ‘अहवाल शुक्रवारपर्यंत पाठवा’ याला ‘बाय फ्रायडे’, कारण काम एकदाच व्हायचे आहे. ‘कार्यालय शुक्रवारपर्यंत बंद’ याला ‘टिल फ्रायडे’, कारण स्थिती चालू राहते. ‘सोमवारपासून आजारी’ असाल तर ‘सिन्स मंडे’. ‘दोन दिवसांपासून’ असाल तर ‘फॉर टू डेज’. ‘दोन दिवसांच्या आत’ म्हणायचे असेल तर ‘विदिन टू डेज’ लिहा. ‘आय विल कम इन टू डेज’ याचा अर्थ ‘दोन दिवसांनी येईन’ असा होतो.

ठरलेल्या जोड्या

काही शब्दांचे अव्यय ठरलेले असते. रजेसाठी ‘अप्लाय फॉर लीव्ह’, रजेवर असताना ‘ऑन लीव्ह’. पत्राला उत्तर ‘रिप्लाय टू’, जबाबदारी ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. पैसे चेकने दिले तर ‘बाय चेक’, रोख दिले तर ‘इन कॅश’.

जिथे काहीच नको

‘विषयावर चर्चा करू’ म्हणताना ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लावू नका. ‘डिस्कस द मॅटर’ पुरते. ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असेल तर ‘फॉर’ नको, नाम असेल तर हवे: ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’.

पाठवण्यापूर्वी

सुटे अव्यय पाठ करण्यापेक्षा ते ज्या शब्दाबरोबर येते त्यासकट वहीत उतरवा. आणि मुदतीचे वाक्य असेल, तर ‘बाय’ की ‘टिल’ एवढे पाहूनच पत्र पाठवा. तारखेचा गैरसमज कामाला सर्वांत महाग पडतो.