कंबरेच्या यंत्राला पेटंट मिळेल का?

हळदीची पोती उचलून कंबर धरलेली माणसं आपल्या पुसेगावात तुम्ही पाहिली असतील. डॉक्टर काहींना 'ट्रॅक्शन' सांगतात, म्हणजे मणक्याला बेताचा ताण देणं.

समजा, हा ताण संगणकाने कमी-जास्त करणारं यंत्र तुम्ही बनवलं. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जाईल. परीक्षक काय बघेल?

पहिलं, नावीन्य. जगात आधीच माहीत असलेल्या गोष्टीला पेटंट नाही. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकेतलं १९९५ चं पेटंट याच मुद्द्यावर सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करून घेतलं.

दुसरं, जाणकाराला सहज सुचेल अशी युक्ती चालत नाही.

तिसरं, १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३. त्यानुसार नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही, उपचाराच्या पद्धतीलाही नाही. का बरं? पद्धतच एकाच्या मालकीची झाली, तर रुग्णावर उपचार करायला डॉक्टरला परवानगी मागावी लागेल! म्हणून हक्क यंत्रावर मागा: मोटर, ताण मोजणारा सेन्सर, त्यांची जोडणी. पेटंट मिळालं, तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं.

आणि हो, अर्जाआधी यंत्राचा व्हिडिओ कुठे टाकू नका. तुमचाच व्हिडिओ तुमच्या नावीन्याच्या आड येईल!