बाराचे दोनशे तीस

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि रायगडच्या किनारपट्टीवरचे विजेचे खांब हजारांनी आडवे झाले. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन तालुक्यांतल्या कित्येक गावांना पुढे अनेक दिवस, काहींना काही आठवडे, वीज नव्हती. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि भिऱ्याचे १९२७ पासून ज्या जिल्ह्यात वीज बनवत आहे, त्याच जिल्ह्याची ही गत झाली. वीज तयार होत होती, पण ती घरापर्यंत आणणारी तार भुईवर पडली होती.

दारातल्या पिकअपमध्ये मात्र वीज होतीच. इंजिन सुरू होणारी कोणतीही गाडी हे एक लहानसे वीजकेंद्र असते. अडचण एवढीच की बोलेरो पिकअप किंवा छोटा हत्ती यांच्या बॅटरीतून मिळते १२ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज, म्हणजे डीसी. घरच्या प्लगमध्ये येते २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने करणारी एसी. या दोहोंमधली पेटी म्हणजे इन्व्हर्टर. घरात जिन्याखाली असतो तो इन्व्हर्टर बॅटरी चार्जही करतो. गाडीतला फक्त बाराचे दोनशे तीस करून देतो. साउंडवाले, मंडपवाले, किनाऱ्यावर गाडी लावून खाण्याचे पदार्थ विकणारे, साइटवर ड्रिल घेऊन जाणारे वायरमन अशा लोकांना तो लागतो.

पेटी उघडली तर आत फिरणारे काही नाही, हवा खेळवणारा पंखा सोडून. हे काम पूर्वी फिरत्या यंत्रांनी होत असे: डीसीवर मोटर फिरवायची आणि तिला जोडलेल्या जनित्रातून एसी काढायची. आज ते काम मॉसफेट नावाचे ट्रान्झिस्टर करतात. पहिल्या टप्प्यात ते बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात. सरळ वाहणारी डीसी ट्रान्सफॉर्मरमधून पुढे जात नाही, पण तुकडे केलेली जाते. आणि तुकडे जितके बारीक, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. म्हणून हजार वॅटची पेटी हातात उचलता येते. या टप्प्यातून सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी निघते. २३० ही एसीची एक प्रकारची सरासरी असते, तिच्या लाटेचा माथा ३२५ व्होल्टवर असतो. तो गाठायचा म्हणून एवढा दाब. दुसऱ्या टप्प्यात चार मॉसफेटांची जोडणी हा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा उलटवते. पन्नास वेळा इकडून, पन्नास वेळा तिकडून. झाली एसी.

स्वस्त पेटीत ही उलटापालट धसमुसळेपणाने होते. लाटेऐवजी पायऱ्या तयार होतात. बाजारात त्याला मॉडिफाइड साइन वेव्ह म्हणतात. मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवा ते मुकाट सोसतात. पंखा घरघरतो, मिक्सरची मोटर नेहमीपेक्षा जास्त तापते, अॅम्प्लिफायरमध्ये गुणगुण ऐकू येते. प्युअर साइन वेव्हची पेटी महाग असते. ज्याला मोटर चालवायची आहे त्याने तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खरी मेख. हजार वॅट २३० व्होल्टवर काढायचे तर साडेचार अँपिअरही लागत नाहीत. साधी वायर पुरते. तेच हजार वॅट १२ व्होल्टच्या बाजूने ओढायचे, त्यात पेटीतली दहा टक्के घट धरायची, तर प्रवाह होतो सुमारे ९३ अँपिअर. म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचे इन्व्हर्टर सहसा दीडशे वॅटच्या पुढे जात नाहीत. त्या सॉकेटचा फ्यूजच १० किंवा १५ अँपिअरचा असतो. मोठी पेटी थेट बॅटरीला जोडावी लागते, आणि इथे केबलची जाडी सगळे ठरवते. बॉनेटपासून सीटच्या मागेपर्यंत तीन मीटर, जाऊन-येऊन सहा. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर वाटेतच १.६ व्होल्ट खर्ची पडतात आणि दीडशे वॅट उष्णता केबलमध्ये निघते. बॅटरी चांगली भरलेली असूनही पेटी ‘लो बॅटरी’ म्हणून पिपाणी वाजवते, आणि माणूस बॅटरीवाल्याशी भांडायला जातो. तीच केबल २५ चौरस मिलिमीटरची घेतली की तूट ०.४ व्होल्टच्या आत येते, उष्णता पस्तीस-छत्तीस वॅटवर.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून या बाजूला कुणी घाबरत नाही. पण जी बॅटरी सेल्फ मारताना शेकडो अँपिअर देते, तिच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज बसवतात तो यासाठी. तो पेटीला वाचवायला नसतो. केबल कुठे पत्र्याला घासून सोलली गेली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. पेटीजवळ बसवलेला फ्यूज मधल्या तीन मीटरसाठी निरुपयोगी.

गाडीतल्या या शिसे-आम्ल बॅटरीचा जन्म १८५९ चा. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. त्याच वर्षी २ सप्टेंबरला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकांनी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. सूर्यावरच्या स्फोटामुळे उठलेले ते चुंबकीय वादळ आजपर्यंत नोंदलेल्या सर्वांत मोठ्या वादळांत मोडते. अमेरिकेत तारायंत्राच्या काही तारा त्या दिवसांत बॅटरी काढून, केवळ आभाळातून आलेल्या प्रवाहावर चालवल्या गेल्या.

याच वेधशाळेला डीसीने मुंबईतून हुसकावले आणि अलिबागला आणून बसवले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले तेव्हा अडचण लक्षात आली. ट्रामचा डीसी प्रवाह वरच्या तारेतून येतो, रुळांतून परततो, आणि परतताना त्यातला काही जमिनीत पाझरतो. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांपासून दूर असल्याने त्यांची चुंबकक्षेत्रे एकमेकांना खोडत नाहीत, आणि नाजूक मापके वेडीवाकडी डोलू लागतात. संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला, लोखंड कटाक्षाने टाळून, नवी वेधशाळा उभी राहिली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेतली, म्हणजे १८४१ पासूनची मुंबईची नोंद अलिबागच्या नोंदीला जोडता यावी. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. वेधशाळा आज नवी पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

पिकअपमध्ये त्या ट्रामसारखेच घडते, फक्त मापाने लहान. पुष्कळ गाड्यांत प्लसची एक केबल पेटीपर्यंत नेतात आणि मायनस जवळच्या चॅसिसला टेकवून मोकळे होतात. परतीचा प्रवाह गाडीच्या लोखंडातून जातो. अशा एकट्या केबलमधून ९३ अँपिअर वाहत असताना एक मीटरवरचे तिचे चुंबकक्षेत्र, अलिबागला होकायंत्राची सुई ज्या क्षेत्राने उत्तरेकडे वळते, त्याच्या जवळजवळ निम्मे भरते. दोन्ही केबली चिकटून नेल्या तर ते बहुतांशी नाहीसे होते. पिकअपमध्ये कुणी होकायंत्र ठेवत नाही, हे खरे. पण मायनसची वेगळी केबल नेण्याला किनाऱ्यावर याहून रोकडे कारण आहे.

ते कारण खारी हवा. मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपोआप ओले होते, स्वतःच हवेतले पाणी ओढून विरघळते. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा सर्रास या रेषेच्या वर असते. म्हणजे पाऊस न लागलेल्या, सुक्या दिसणाऱ्या नट-बोल्टावरही खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो, आणि तो वीज वाहून नेतो. चॅसिसवरचा मायनसचा जोड अशा थराखाली गंजतो. जोड गंजला की रोध वाढतो, ९३ अँपिअरला तिथे उष्णता सुटते, उष्णतेने बोल्ट सैल होतो, आणि सैल जोड आणखी तापतो.

मासळी वाहणाऱ्या गाडीत तर बर्फाचे खारे पाणी हौद्यातून सतत गळत असते. अशा गाडीचा बॅटरी टर्मिनल जवळून पाहावा. शिशाच्या खुंटीवर पांढरट भुकटी धरलेली, केबलच्या टोकाशी ती निळसर-हिरवी झालेली. पांढरे ते शिशाचे सल्फेट, निळे ते तांब्याचे. थिंबलच्या, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या कडीच्या, मागे केबलचे आवरण चाकूने जरासे सोलले तर आतली तांब्याची तार चकाकत नाही, काळी पडलेली असते. मीठ केशाकर्षणाने तारांच्या पोटात बोट-दोन बोटे चढलेले असते. उपाय साधे आहेत: कथिलाचा मुलामा असलेली केबल, यंत्राने दाबून बसवलेले थिंबल, त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, आणि घट्ट कसल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा लेप. लेप कसण्याच्या आधी नको, नंतर. पेटी हौद्यात कधीच ठेवू नये. केबिनमध्ये सीटमागे, पण पंख्याला वारा मिळेल अशी. बॉनेटखालीही नको, तिथे इंजिनाची धग आणि बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी सुटणारा हायड्रोजन दोन्ही असतात.

गाडीच्या मूळ बॅटरीवर तासन् तास भार टाकणे हा दुसरा अन्याय. तिच्यात पातळ पत्रे असतात, क्षणभर जोर लावण्यासाठी केलेले. तिला वारंवार खोलवर रिकामे केले तर ती लवकर दगावते. साउंडचे काम करणारे जाणकार म्हणूनच दुसरी, जाड पत्र्यांची बॅटरी वेगळी बसवतात आणि इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडणारा रिले मधे घालतात. इंजिन नुसते धडधडत उभे असेल तर अल्टरनेटरही पूर्ण प्रवाह देत नाही, हेही हिशेबात धरावे लागते.

आणि एक गोष्ट वादळाच्या दिवसांसाठी. गाडीच्या इन्व्हर्टरची वायर घराच्या बोर्डात उलटी खोचून सगळे घर उजळवण्याचा मोह होतो. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, रोहित्रातून उलटी चढून हजारो व्होल्टची होऊ शकते, आणि खांबावर तार जोडत असलेला लाइनमन तिला मृत समजून हात लावतो. उपकरण थेट पेटीलाच जोडावे, बोर्डाला नव्हे. शिवाय पेटीतून निघणारे २३० व्होल्ट घरच्याइतकेच जीवघेणे असतात. ओल्या हौद्यात एक्स्टेन्शन बोर्ड टाकून ठेवणाऱ्याला हे सांगावेच लागते.

मग मासळीच्या पिकअपमध्ये डीप फ्रीझरच का चालवू नये? गणित असे. ८० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९६० वॅट-तास, तिचे आयुष्य सांभाळून निम्मेच वापरायचे म्हणजे ४८०. पेटीतली घट वजा करून उरलेल्या विजेवर लहान फ्रीझर जेवढी उष्णता बाहेर काढील, तेवढी उष्णता सात ते नऊ किलो बर्फ नुसता वितळताना शोषतो, कारण एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. त्यात कंप्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह मागतो. त्यासाठी पेटी आणखी मोठी हवी. मासळी थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ घालूनच जाते, आणि त्याच गाडीतला इन्व्हर्टर वजनकाटा, बिलाचा छोटा प्रिंटर आणि पहाटे माल उतरवताना लागणारा दिवा चालवतो.