स्लॅबवरचा फोम कोरडा ठेवा



उसाचा माणूस छपरावर काय लिहितो, असे काहींना वाटेल. पण एप्रिल-मेमध्ये खोडव्याच्या पाहणीला गावोगाव हिंडताना दुपारचा चहा तुमच्याच स्लॅबखाली होतो. अलीकडे पुष्कळांनी ऊन अडवण्यासाठी स्लॅबवर थर्माकोल किंवा फवारणीचा फोम टाकून घेतला आहे. खर्च योग्यच. परंतु एका सभासदाचे घर दोनच पावसाळ्यांनंतर पुन्हा भट्टीसारखे तापू लागले. वरचा कोबा थोडा फोडून पाहिला, तर खालचा थर्माकोल पाणी पिऊन बसलेला!

फोम उष्णता अडवतो तो त्याच्या बारीक कप्प्यांत कोंडलेल्या हवेमुळे किंवा वायूमुळे. तिथे पाणी शिरले की संपले, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. शिवाय ते निघतही नाही. वर कोबा, खाली वॉटरप्रूफिंग, मध्ये पाणी अडकलेले. घरात गळत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो.

सपाट स्लॅब म्हणजे अगदी सपाट नव्हे. पाणी साचलेल्या सरीत उसाची मुळी कुजते, हे तुम्हाला मी काय सांगावे? दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार पाइपाकडे हवाच. फोम टाकण्याआधी स्लॅबवर दोन दिवस पाणी तुंबवून पाहावे. गवंडी "नंतर बघू" म्हणेल, त्याचे ऐकू नये. साध्या थर्माकोलपेक्षा बंद कप्प्यांचा दाट फोम पाणी कमी पितो. फवारणीचा फोम उघडा राहिला तर उन्हाने पिवळा-तपकिरी पडून त्याचा भुगा होतो, म्हणून त्यावरचा लेप झिजला की पुन्हा द्यावा.

खरा घात होतो तो नंतर. सोलर बंब येतो, डिश येते, टाकीचे स्टँड येते आणि बसवणारा सरळ ड्रिल मारून मोकळा होतो! त्यासाठी फोम टाकण्यापूर्वीच स्लॅबवर छोटे ओटे बांधून घ्यावेत.

मृगाआधी एकदा वर चढून पाइपाच्या तोंडचा पालापाचोळा काढावा. फवारणीच्या फोमवर चालताना पायाखाली कुठे मऊ लागले, तर तेथे दोन इंचाचा तुकडा कापून पाहावा. ओला निघाला तर कोरडा फोम लागेपर्यंत सगळा काढून नवा भरावा. ओल्यावरच लेप मारला तर फोड येतात. हे काम स्लॅब पुरता सुकलेला असतानाच उरकावे.

— ऊस विकास अधिकारी