पारा दहावर, बल्ब साठचा

पहाटे ५.३०
घाटंजी तालुक्यातलं एक गाव, जानेवारीचा पहिला आठवडा. पारा दहाच्या आसपास. अंगणात पऱ्हाटीची चूल पेटली आहे. बाई आधी पिल्लं बघते. बांबूचं मोठं डालं, खाली सोयाबीनचं कुटार, वर टांगलेला ६० वॉटचा पिवळा बल्ब. गिरिराज जातीची २५ पिल्लं, सहा दिवसांची. बल्बाखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला सरकून चोची वासल्या तर उकडतंय. आज सगळीकडे सारखी पसरलीत. बल्ब आहे तिथंच राहतो.

सकाळी ६.५०
उजाडलं, तरी खुराडं बंदच. दव वाळल्याशिवाय ती मोठ्या कोंबड्या सोडत नाही. खुराडं तुराट्यांच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. उत्तरेच्या अंगाला खताची पोती उसवून शिवलेला पडदा. छपराखालची चार बोटं फट मात्र मोकळी. रात्रभराची वाफ तिथून निघून जाते. ती बुजवली की आत ओल धरते, विष्ठेचा वास डोळ्यांना झोंबतो, कोंबड्या घरघरायला लागतात. कोरड्या थंडीला पिसं पुरतात, ओलीला पुरत नाहीत.

सकाळी ८.००
दार उघडतं. नऊ कोंबड्या, दोन कोंबडे. ओलं कुटार खुरप्यानं ओढून उकिरड्यावर, कोरडं आत. चुलीवरच्या गंजातलं कोमट पाणी परातीत. अंडी तीनच. दिवस अकरा तासांवर आला की कोंबडी अंड्याला आखडते. किराणावाला नगाला १२ रुपये देतो. झाले ३६.

सकाळी ९.००
ती कापूस वेचायला निघते. किलोला १० रुपये. तिसरी वेचणी, बोंडं विरळ. मागं सासू आणि सासूची काठी. कुंपणापलीकडं मुंगूस आहे.

दुपारी १.००
सासूनं डालं उन्हात ओढलंय, बल्ब बंद. कोपऱ्यातल्या खड्ड्यात चुलीची राख. कोंबड्या तिच्यात लोळतात, अंगावरच्या उवा झडतात. मोटारसायकलवर जाळीचे पिंजरे बांधलेला व्यापारी थांबतो.
"माय, कोंबडा हाये का?"
"हाये. साडेपाचशे."
"साडेचारशे घे."
"मंग राहू दे. मायाजवळ काय उपाशी हाये का तो?"
तो किक मारतो, पुन्हा बंद करतो. पाचशेवर तुटतं. कोंबड्याचे पाय सुतळीनं बांधले जातात.

संध्याकाळी ५.००
बाई परतली. २५ किलो वेचला, अडीचशे रुपये. हात धुवायच्या आधी ज्वारीची टोपली. सकाळी कणी, उष्टं, काहीही चालतं. संध्याकाळी अख्खे दाणे. ते रात्रभर पचत राहतात, अंग उबदार ठेवतात. एक कोंबडी उचलून ती गळ्याखालची पिशवी चाचपते. भरली आहे.

संध्याकाळी ६.००
कोंबड्या आपणच आत जाऊन दांड्यावर चढतात. दांडा मुद्दाम रुंद घेतलाय, म्हणजे बसल्यावर पंजे पिसांखाली जातात. ती मोजते. नऊ आणि एक. दाराला फळी, फळीला दगड. शेगडी आत ठेवायची नाही. कोंडलेल्या धुरात एका रात्रीत खुराडं रिकामं होतं.

रात्री ८.००
बल्ब सुरू. बारा तास जळला की पाऊण युनिट. एलईडी स्वस्त पडला असता, पण तो नुसता उजेड देतो. लाईट गेली तर म्हणून गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार.

रात्री ९.००
उद्या लस. मानमोडीवरची लासोटा, प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. पिल्लांना ऊब लागते, लशीला बर्फ. मुलानं तालुक्याहून ती बर्फाच्या थर्मासात आणून ठेवलीय. कुपी १०० पिल्लांची, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून चार घरांनी मिळून पैसे काढले. सकाळी सातला सगळ्यांची डाली याच अंगणात येणार. ती बोटांवर हिशेब करते. चौघींची मिळून ९१ पिल्लं. नऊ थेंब उरतात. ती सासूला विचारते, गल्लीत आणखी कोणाकडं पिल्लं निघालीत का?