प्रोसेसर कूलर बदलणे

प्रोसेसर कूलर हा संगणकाच्या प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता हवेत सोडणारा भाग होय. धातूच्या पातळ पात्यांचा हीटसिंक आणि त्यावर बसवलेला पंखा हे त्याचे नेहमीचे रूप आहे. प्रोसेसरच्या खोक्यातूनच मिळणाऱ्या कूलरला ‘स्टॉक कूलर’ म्हणतात. वाढलेला आवाज, अपुरे शीतन किंवा पंख्यातील बिघाड या कारणांनी तो काढून दुसरा बसवला जातो. सर्वच प्रोसेसरांसोबत कूलर मिळत नाही. इंटेलने २०१५ साली आणलेला कोअर आय७-६७००के हा कूलरविना विकला जाई.

== तापमान आणि हवामान ==

पंख्याचा कूलर प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसरचे तापमान म्हणजे कॅबिनेटमधील हवेचे तापमान आणि त्यात कूलरच्या क्षमतेनुसार पडणारी भर, अशी साधी बेरीज असते. म्हणून एकच संगणक पुण्याच्या हिवाळ्यात आणि रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत किंवा खालापूर तालुक्यात मे महिन्यात निरनिराळा वागतो. समुद्राच्या वाऱ्यापासून दूर आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो.

उदाहरणादाखल ६५ वॉट उष्णता देणारा प्रोसेसर आणि प्रत्येक वॉटमागे ०.५ अंश वाढ होऊ देणारा कूलर घेतला, तर भर ३२.५ अंशांची पडते. खोलीत ४२ अंश आणि कॅबिनेटमध्ये त्याहून ८ अंश जास्त असल्यास प्रोसेसर ८२.५ अंशांवर पोहोचतो. हीटसिंकच्या पात्यांत धूळ दाटून हीच वाढ वॉटमागे ०.८ अंश झाली, तर भर ५२ अंशांची होते. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत तो संगणक ८५ अंशांवर निमूट चालतो. मे महिन्यात मात्र बेरीज १०२ वर जाते. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश. मर्यादा गाठताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापमान वाढत राहिल्यास संगणक बंद पडतो. ‘उन्हाळ्यात संगणक मंद होतो’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. ते धूळ झाडून आणि थर्मल पेस्ट बदलूनही दूर होऊ शकते, त्यामुळे नवा कूलर घेण्यापूर्वी हा स्वस्त उपाय करून पाहणे इष्ट ठरते.

पावसाळ्यातील दमट हवेने चालू कूलरवर दव साचते, ही समजूत चुकीची आहे. हीटसिंक नेहमी हवेपेक्षा गरम असल्याने त्यावर पाणी धरत नाही. दमटपणाचा त्रास वेगळा असतो: ओलसर धूळ पात्यांना चिकटून बसते आणि बंद ठेवलेल्या यंत्राच्या पिना गंजतात.

== बैठकीची जुळणी ==

कूलर मदरबोर्डवर चार छिद्रांच्या आधारे बसतो आणि या छिद्रांमधील अंतर सॉकेटनुसार बदलते. इंटेलच्या एलजीए ७७५ साठी ते ७२ मिलिमीटर, एलजीए ११५६ पासून १२०० पर्यंतच्या मुख्य डेस्कटॉप सॉकेटांसाठी ७५ मिलिमीटर आणि २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० साठी ७८ मिलिमीटर आहे. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण जुना कूलर नव्या बोर्डावर बसत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटसाठी असलेले बहुतेक कूलर २०२२ च्या एएम५ वरही चालतात. मात्र मागील पट्टी बदलावी लागणारे कूलर त्यावर बसत नाहीत. मनोऱ्याच्या आकाराचे मोठे कूलर घेताना कॅबिनेटची रुंदी आणि रॅमची उंचीही मोजावी लागते.

इंटेलच्या स्टॉक कूलरच्या चार प्लॅस्टिक खुंट्या बाणाच्या दिशेने पाव वेढा फिरवून सोडवतात आणि बसवताना कर्णाच्या क्रमाने, समोरासमोरच्या जोडीने दाबतात. एएम४ मध्ये वेगळा धोका असतो. त्या प्रोसेसरच्या पिना खालच्या बाजूस असतात आणि वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते, त्यामुळे कूलर सरळ वर ओढल्यास प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, वीजपुरवठा पूर्ण तोडावा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून काढावा, अशी रीत आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात; नवी वाटाण्याएवढी पुरते. नव्या कूलरच्या तळावरील संरक्षक पारदर्शक कागद काढायचा राहून जाणे ही अनुभवी कारागिरांकडूनही होणारी चूक आहे.

== पंख्याचा कनेक्टर ==

प्रमाणित पंख्याला तीन किंवा चार पिनांचा कनेक्टर असतो. पहिली पिन ऋण बाजू, दुसरी १२ व्होल्ट आणि तिसरी पंख्याचा वेग कळवणारी असते. पंखा एका फेरीत दोन स्पंद पाठवतो. चौथी पिन वेगाचे नियंत्रण करते. तिच्यावरून सुमारे २५ किलोहर्ट्झचा संकेत जातो आणि त्यातील स्पंदांची रुंदी बदलून वेग ठरवला जातो. या पद्धतीस पीडब्ल्यूएम म्हणतात. चार पिनांची ही व्यवस्था इंटेलच्या एलजीए ७७५ बरोबर २००४ च्या सुमारास रूढ झाली.

दोन्ही प्रकार परस्परांत बसतात. मदरबोर्डवरील प्लॅस्टिकची जीभ पहिल्या तीन पिनांमागे असल्याने तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी एकाच रीतीने लागतो. तो पीडब्ल्यूएम संकेत समजू शकत नाही, म्हणून सतत पूर्ण वेगाने फिरतो. बायोसमध्ये ‘डीसी’ पद्धत निवडल्यास व्होल्टेज कमी करून त्याचा वेग उतरवता येतो. उलट, चार पिनांचा पंखा तीन पिनांवर लावल्यास चौथी तार मोकळी राहते व पंखा पूर्ण वेग धरतो.

तारांच्या रंगांवर मात्र विसंबता येत नाही. तीन तारांच्या पंख्यात सामान्यतः काळी ऋण, लाल १२ व्होल्टची आणि पिवळी वेगाच्या संकेताची असते. इंटेलच्या चार तारांच्या रंगक्रमात पिवळी तार १२ व्होल्टची, हिरवी संकेताची आणि निळी नियंत्रणाची असते. म्हणजे एका पंख्यात जी पिवळी तार संकेत देते, तीच दुसऱ्यात वीज वाहते. तारा तोडून रंगाला रंग जोडल्यास पंखा आणि हेडर दोन्ही निकामी होऊ शकतात. जोडणी नेहमी पिनेच्या स्थानावरून ठरवावी लागते.

कार्यालयांतून निघालेल्या जुन्या संगणकांत अडचण वाढते. डेलच्या काही ऑप्टिप्लेक्स संगणकांत पाच पिनांचे आणि एचपीच्या काही झेड मालिकेतील यंत्रांत सहा पिनांचे खास कनेक्टर आहेत. त्यांना नुसता नवा पंखा लागत नाही, त्या मॉडेलसाठीचे अडॅप्टर लागते. कर्जतहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा लोकल प्रवास आहे. लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून आणलेला पंखा घरी लागला नाही तर दुसरा दिवस खर्ची पडतो. म्हणून जुना पंखा किंवा कनेक्टरचे स्पष्ट छायाचित्र सोबत नेलेले बरे.

पंखा वीजपुरवठ्याच्या तारेला थेट जोडल्यास फिरतो, पण वेगाचा संकेत मदरबोर्डला मिळत नाही. अशा वेळी अनेक बोर्ड सुरुवातीलाच ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवून थांबतात. ही तपासणी बायोसमध्ये बंद करता येते; मात्र त्यानंतर पंखा खरोखर अडकला तरी सूचना मिळत नाही. एका हेडरची क्षमता बहुधा १ अँपिअर असते. दुहेरी तारेने दोन पंखे लावताना दोघांचा एकूण प्रवाह त्याहून कमी असावा लागतो आणि वेगाचा संकेत एकाच पंख्याकडून घ्यावा लागतो.

रोषणाई असलेल्या कूलरला आणखी एक तार असते. १२ व्होल्टचा चार पिनांचा रोषणाई-हेडर आणि ५ व्होल्टचा तीन पिनांचा हेडर दिसायला सारखे असतात. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर लावल्यास तत्काळ जळतात.