पाणंदीवरचें वाहन आणि त्याचें वजन

पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा या नद्या ज्या हिंगोली जिल्ह्यांतून वाहतात, तेथील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते. कोरडेपणीं दगडासारखी टणक असणारी वाट ओली झाली म्हणजे चाकाला आधार देत नाहीं. ऊस, हळद, कापूस शेताबाहेर काढावयाचा तो याच वाटांनीं. एकाची ट्रॉली रुतली कीं मागच्या साऱ्यांचा माल शेतांत अडकतो. म्हणून महामार्गाबाहेर वाहनाचें वजन किती असावें, हा प्रश्न येथें शेतकऱ्याच्या संसाराचाच आहे.

वजनाचे नियम डांबरी सडकेपुरतेच असतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ज्या वाटेवर लोकांना जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट सार्वजनिक जागा मानली आहे. गांवची सार्वजनिक पाणंद तींतच येते. कलम ११३ प्रमाणें नोंदणीपत्रांत लिहिलेल्या एकूण वजनाहून अधिक भार वाहनावर वा ट्रॉलीवर तेथें नेतां येत नाहीं.

२०१८ सालीं केंद्र सरकारनें आसावरील भाराची मर्यादा वाढविली. चार टायरांच्या एका आसाला १०.२ ऐवजीं ११.५ टन भार मंजूर झाला. आंकडा वाढला, मातीची ताकद मात्र वाढली नाहीं. मातीचा वरचा थर मुख्यतः टायरांतील हवेच्या दाबानें दबतो, तर खालचा थर आसावरील एकूण भारानें. रुंद टायरांनीं चाकोरी उथळ होते. परंतु खोलवर दबलेली माती नांगरालाही सहसा दाद देत नाहीं, आणि तींत पाणी साचून राहतें.

याचीही तजवीज कायद्यांत आहे. रस्त्याचें वा पुलाचें स्वरूप पाहून त्या वाटेवर वाहनांना बंदी वा निर्बंध घालण्याचा अधिकार कलम ११५ अन्वयें राज्य सरकारास आहे. अडचण आहे ती अंमलबजावणीची. वजन पाहावयाचें तर वाहन काट्यापर्यंत न्यावें लागतें, आणि तोंवर वाटेचें व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें.

अशा वेळीं शेतकऱ्याचें जुनें ज्ञानच उपयोगी पडतें. वापसा आल्यावांचून तो कुळव घालीत नाहीं. तोच न्याय पाणंदीवरील चाकाला लावावा; घाईच असेल तर एका भरल्या खेपेऐवजीं अर्ध्या भाराच्या दोन खेपा कराव्या. नोंदणीपत्रांतील आंकडा वर्षभर एकच असतो. मातीची ताकद मात्र प्रत्येक पावसागणिक बदलते.